सोळा आणि अठराच्या मध्ये

"गुडघे ठेवायचे कुठे माणसानं? काढून दप्तरात भरू का?"

चष्मेवाल्या नव्या शिक्षिकेनं शेजारणीच्या कानात कुरकुर केली. शेजारीण म्हणाली, "तुझे गुडघे तरी आत गेले. माझा अर्धा देह अजून वर्गाबाहेर आहे." दोघी तोंडावर रुमाल धरून हसल्या.

मागच्या भिंतीला लागून दुसरीच्या वर्गातले बाक आणून मांडले होते आणि त्यांवर बारा नवे शिक्षक दाटीवाटीनं बसले होते. खडूची पेटी घेऊन बाई त्यांच्या अगदी जवळून चालल्या होत्या, त्यामुळे कुरकुर त्यांना शब्दन् शब्द ऐकू आली. एरवी त्यांनी जाता जाता टोला हाणला असता, "पोरं रोज सहा तास बसतात तिथे, त्यांच्या गुडघ्यांना विचारा." आज त्या नुसत्याच पुढे गेल्या. आणि जाताना नकळत माणसं मोजत गेल्या. एक, दोन, तीन. बारावर थांबल्या. बारा झाले की त्यांना बरं वाटायचं. सोळापर्यंत जावं लागलं नाही की बरंच वाटायचं.

आठ महिने हे असंच चाललं होतं. जिन्याच्या पायऱ्या, वाळत घातलेले कपडे, शर्टाची बटणं, समोर येईल ते त्या मोजायच्या आणि सोळाला गाडी अडायची. परवा नवरा म्हणाला, "अगं, दुधाच्या पिशव्या दोन आहेत. दोन! त्यात मोजायचं काय?" त्या हसल्या. नवराही हसला, पण मग पिशव्या फ्रीजमध्ये त्यानंच ठेवल्या.

ही बारा माणसं आली होती बाईंचा वर्ग बघायला. सव्वीस वर्षं पहिली ते चौथी शिकवणाऱ्या बाई युक्त्यांसाठी नावाजलेल्या होत्या. पुस्तकी त्या कधीच नव्हत्या. जे सुचलं ते वर्गात करून बघितलं, फसलं ते सोडलं, जमलं ते वहीत लिहिलं. त्या वहीची नक्कल कुणीतरी केली, नकलेची नक्कल झाली, आणि आता नव्या शिक्षकांच्या हातात जी पुस्तिका देत त्यातली अर्धी पानं बाईंची होती. सातव्या पानावर होती 'आपली मोजणी आपण'. प्रत्येक मुलाला एक आकडा. सहलीला जाताना, जिना उतरताना, बसमध्ये चढताना मुलांनी रांगेत आपापला आकडा म्हणायचा. जिथे आवाज नाही, तिथे मूल नाही. बोट नाचवत डोकी मोजायला नकोत, की घसा फोडायला नको.

वर्गात शिरण्याआधी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना ओट्याजवळ गाठलं होतं.

"बाकी काय दाखवायचं ते दाखवा. तेवढी मोजणी नको."

"पुस्तिकेत आहे ती."

"असू दे. पुस्तिकेत पुष्कळ काय काय असतं." मोठ्या बाईंनी आवाज खाली आणला. "आणि हो, ती तुमची वकील. तिची आई उद्या येतेय दाखला न्यायला. शाळा बदलताहेत. मी सही करून ठेवलीय."

"उद्याच?"

"आठ महिने पोर शाळेत तोंड उघडत नाही. आईनं तरी किती वाट बघायची हो?"

उद्या शनिवार. म्हणजे बाईंच्या हातात आजचा दिवस होता.

वकील म्हणजे तिसऱ्या ओळीत खिडकीकडे बसणारी मुलगी. दोन घट्ट वेण्या आणि कपाळावर आठी. वकील हे नाव बाईंनीच ठेवलेलं, कारण ती स्वतःपेक्षा दुसऱ्यांच्या वतीनं जास्त बोलायची. "बाई, त्याला पाणी प्यायला जायचंय." "बाई, हिचं पोट दुखतंय, ती सांगत नाहीये." मोजणीत तिचा आकडा अठरा.

आणि सतरा होता खजिनदाराचा. हे नावही बाईंचंच. त्याच्या खिशात कायम खडे असत. रस्त्यावरचे, बागेतले, कुंडीतले. प्रत्येक खड्याचं त्याच्याजवळ कारण असे, पण ते सांगायला त्याला फार वेळ लागायचा. पहिलं अक्षर घशात अडकायचं. मान ताणली जायची, डोळे मिटायचे, ओठ थरथरायचे आणि शब्द काही बाहेर यायचा नाही. मोजणी सोळावर आली की रांग थांबायची. मागची पोरं चुळबुळायची, कुणीतरी खुदकन हसायचं. मग एके दिवशी वकिलानं त्याच्या दंडाला धरून ठणठणीत आवाजात म्हटलं, "सतरा. अठरा." आणि एकोणीस पुढे सरकला. खजिनदाराच्या चेहऱ्यावर असा काही सुटकेचा आनंद पसरला की बाईंना अगदी भरून आलं. त्यांनी ते चालू दिलं. एवढंच नाही, वहीत लिहिलंसुद्धा: 'मुलं एकमेकांना सांभाळून घेतात, आपण मध्ये पडू नये.'

पुढे ती रीतच झाली. सतरा आणि अठरा एकाच आवाजात यायचे.

मग पाण्याचा धडा आला. नळाला पाणी कुठून येतं हे दाखवायला बाईंनी एकतीस मुलं पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर नेली. मोठमोठे हौद, खाली काळंशार स्थिर पाणी, कडेला कठडा आणि पायाखाली सगळीकडे गुळगुळीत पांढरे खडे. निघताना बसपाशी मोजणी झाली. एक ते एकतीस. एकही आकडा रिकामा नाही. बस सुटली. शाळेच्या फाटकात मुलं उतरली तेव्हा खजिनदाराचा बाबा हात पुढे करून उभा होता, आणि त्या हातात द्यायला कुणी नव्हतं.

तो हौदात सापडला, आणि तिथल्या कठड्याचा एक दांडा मोडका होता, असं अहवालात आलं. बाईंबद्दल दोनच शब्द होते, 'मोजणीत त्रुटी'. फाईल घेऊन आलेल्या दोन साहेबांनी विचारलं होतं, "मोजणी कोणी घेतली?" बाई म्हणाल्या, "मी." "आकडा भरला होता?" "हो." "मग?" "माझी चूक." त्यांनी तेवढं लिहून घेतलं, चहा प्यायला आणि गेले. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. किती मोठं मन, सगळं अंगावर घेतलं! बाईंनीही मग ते 'माझी चूक' अंगावर पांघरूण घेतात तसं घेतलं. पांघरुणाखाली काय आहे हे कुणी उचलून पाहिलं नाही.

कुणी विचारलंच नाही की त्या दिवशी सतरा म्हणालं कोण.

वर्गातल्या तीस जणांना ते माहीत होतं. पण आठ-नऊ वर्षांच्या तीस पोरांनी तोंडात मिठाची गुळणी धरावी तशी ती गोष्ट धरून ठेवली. बाईंनी मोजणी बंद केली, बोटानं डोकी मोजायला लागल्या. आकडे मात्र बदलले नाहीत. त्यांचा हातच झाला नाही. आणि पोरं रांगेत चालताना सोळा आणि अठराच्या मध्ये एका मुलाची जागा सोडायला लागली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. व्हरांड्यातून तीस मुलं जात आणि मध्येच एक हातभर रुंद, चार फूट उंच मोकळी हवा त्यांच्याबरोबर चालत जाई. शाळेच्या शिपाई मावशी बादली घेऊन आडव्या आल्या तरी त्या फटीतून जात नसत. अख्खी रांग संपेपर्यंत भिंतीला पाठ लावून उभ्या राहत. एकदा नव्या चित्रकलेच्या सरांनी न कळून "अरे, जवळ जवळ चला!" म्हणून अठराला पुढे ढकललं. ती जी किंचाळली! आठ महिन्यांत तिच्या तोंडून शाळेत निघालेला तेवढा एकच आवाज.

घरी ती बोलायची. शाळेचं फाटक आलं की ओठ मिटायचे. बाईंनी तिच्यावर सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. हातातल्या बाहुलीशी बोलायची युक्ती, कानात सांगायची युक्ती, चिठ्ठीची बरणी, दोघींचीच एक गुपित वही. त्या वहीत बाई रोज काहीतरी लिहायच्या. तुला कुठला रंग आवडतो? मांजराला पिल्लं झाली का? पोर सगळ्याची नीट अक्षरात उत्तरं द्यायची. जे विचारायचं ते बाईंनी कधी लिहिलं नाही, आणि न विचारलेल्याचं उत्तर काही आलं नाही.

घंटा झाली. बाईंनी वर्गाकडे तोंड केलं.

वर्गात गलका होता. मागच्या बारा जणांकडे माना वळवून पोरं एकमेकांना ढोसत होती. बाई ओरडल्या नाहीत. त्या बोलायला लागल्या, अगदी बारीक आवाजात, जणू टेबलाशीच. पहिली ओळ गप्प झाली, मग दुसरी, मग "शूऽ, काय म्हणताहेत बाई?" करत सगळा वर्ग.

"वर्गाचा आवाज चढला की आपला उतरवायचा," त्या मागे बघून म्हणाल्या. "आपण चढवला तर पोरं जिंकतात. त्यांची फुप्फुसं नवी आहेत."

मागे हशा झाला. वह्या उघडल्या गेल्या.

मग त्यांनी फळ्यावर मोठ्या थाटात लिहिलं, सात आठे चोपन्न. दहा हात वर झाले. मधल्या ओळीतला टोपीवाला उभाच राहिला. "बाई, छप्पन! दोन खाल्ले तुम्ही."

"पचले असतील रे. कशावरून छप्पन?"

"सात साते एकोणपन्नास, त्यात अजून एक सात."

"रोज एक चूक मी मुद्दाम करते," बाई सांगत होत्या. "पकडणाऱ्याला शाबासकी नाही, त्यानं कारण सांगायचं. बाईसुद्धा चुकते आणि तिची चूक दुरुस्त होते, हे पोरांनी रोज बघावं. त्यानं त्यांची भीती जाते."

बोलता बोलता त्यांची नजर तिसऱ्या ओळीत गेली. वकील फळ्यावरच्या चोपन्नकडे टक लावून बघत होती. बाईंनी घाईघाईनं ते पुसलं.

चष्मेवालीनं हात वर केला, पोरांसारखाच. "बाई, मी प्रश्न विचारला की तीच चार मुलं उत्तर देतात. बाकीची बसून राहतात. मला तर रडू येतं घरी गेल्यावर."

"येऊ दे. पहिल्या वर्षी मी कपाटाआड जाऊन रडायचे. नकाशे होते तिथे. एका नकाशावर अजून डाग असेल." पुन्हा हशा. बाईंनी हात पाठीमागे नेला. "प्रश्न विचारायचा आणि पाठीमागे एकेक बोट मिटायचं. पाचही मिटेपर्यंत कुणालाही उठवायचं नाही. हात किती का वर असेनात. पहिली चार बोटं हुशार मुलांची. पाचवं बोट ज्याला वेळ लागतो त्याचं. ते त्याचं त्याला द्यायचं, दुसऱ्या कुणाला…"

वाक्य तिथेच राहिलं.

पाठीमागे त्यांचं दुसरं बोट मिटलं होतं आणि तिसरं हवेत होतं. दुसऱ्या बोटालाच तर वकील म्हणायची. सतरा. अठरा. त्यांनी त्या पोराला कधी पाच बोटं दिलीच नव्हती. रांग पुढे सरकायला हवी होती ना! घाई कुणाला होती? वर पंखा फिरत होता आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा अडखळत होता. टक्, आणि मग पुढे. टक्, आणि मग पुढे. बाईंना वाटलं, कुणीतरी पहिलं अक्षर म्हणायचा प्रयत्न करतंय.

"बाई?" चष्मेवाली म्हणाली. "दुसऱ्या कुणाला काय?"

"द्यायचं नाही," बाई म्हणाल्या. घोटभर पाणी प्यायल्या.

तास पुढे गेला. रडू आलं तर न विचारता उभं राहायची खिडकी त्यांनी दाखवली. चिठ्ठ्यांची बरणी दाखवली. नवे शिक्षक भराभरा लिहीत होते, आणि बाई त्यांच्या वाकलेल्या मानांकडे बघत होत्या. हे सगळं खरं होतं, उपयोगाचं होतं, उद्या त्यांच्या त्यांच्या वर्गात चालणार होतं. सातवं पानही ते असंच लिहून घेतील. आणि कुठल्यातरी रांगेत कुणीतरी प्रेमळ पोर शेजाऱ्याचा आकडा म्हणून टाकील.

"एखादं मूल बोलतच नसेल तर काय करायचं?" आता कोपऱ्यातल्या दाढीवाल्या शिक्षकानं विचारलं. "माझ्याकडे आहे एक. सगळं करून बघितलं."

वर्गातली पोरं एकदम ताठ झाली. तिसऱ्या ओळीकडे कुणीही बघितलं नाही, आणि ते न बघणं भिंतीइतकं स्पष्ट होतं.

"आधी स्वतःला विचारायचं," बाई सावकाश म्हणाल्या, "की त्याला काय बोलायचंय ते आपल्याला माहीत आहे का. कधी कधी माहीत असतं. मग मूल आपली वाट बघत असतं, आणि आपण त्याची."

हे कुठल्याच वहीत नव्हतं. बोलल्यावर त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

मोठ्या बाई दारात आल्या. "झालं का? छान, छान. चला मंडळी, चहा निवतोय."

"एकच राहिलं, मोठ्या बाई," चष्मेवालीनं पुस्तिका उघडली. बिचारीला काय ठाऊक! "सातवं पान. मोजणी. आम्ही त्याच्यासाठीच तर आलोय. मुलांनो, दाखवता? करू या सुरू?"

"नको, ते आज नको," मोठ्या बाई म्हणाल्या, पण शब्द पडून गेला होता. पहिल्या बाकावरच्या मुलीचा आकडा एक. सुरू म्हटलं की एक म्हणायचं, हे तीन वर्षं तिच्या जिभेला शिकवलेलं.

"एक," ती म्हणाली, आणि दचकून तिनं तोंड दाबलं.

"दोन," शेजारून आपोआप आलं.

"तीन." "चार."

कुणालाच थांबवता येईना. उतारावर सुटलेल्या चाकासारखे आकडे एका बाकावरून दुसऱ्या बाकावर चालले. दहा. अकरा. टोपीवाला बारा म्हणाला ते जवळजवळ रडत. मावशी दारात मोठ्या बाईंच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, हातात चहाच्या कपांची थाळी. चौदा. पंधरा.

"सोळा."

आणि पुढे काही नाही.

वर्ग थांबला. ती शांतता रिकामी नव्हती. तिच्यात कुणीतरी मान ताणून, डोळे मिटून उभं होतं, आणि सगळा वर्ग त्याच्यासाठी थांबला होता. बाईंच्या पाठीमागे बोटं मिटत गेली. एक. दोन. तीन. चार. पाच. पाचही मिटली. पंखा अडखळला, पुढे गेला, अडखळला. कुणी चुळबुळलं नाही. कुणी हसलं नाही. त्या पोराला आयुष्यात कधी मिळाला नव्हता एवढा वेळ आज त्याला मिळत होता.

तिसऱ्या ओळीत वकिलानं दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं होतं. बोटांची टोकं पांढरी पडली होती. डोळे बाईंवर होते. त्या नजरेत भीती होती, ती बाई आठ महिने बघत आल्या होत्या. पण भीतीच्या मागे आणखी काहीतरी होतं, आणि ते त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं. ती पकडलं जायची वाट बघत होती. रोज, फाटकातून आत येताना, आज तरी कुणी मला पकडील का, म्हणून. आणि उद्या ती दुसऱ्या शाळेत जाणार होती, जिथे कुणाला काहीच माहीत नसेल आणि पकडायला कुणीही नसेल.

"बाई, पुरे," मोठ्या बाई दारातून हलक्या आवाजात म्हणाल्या. "मुलं घाबरलीत. सोडा आता."

बाई फळ्यापासून निघाल्या. ओळीतून चालत तिसऱ्या बाकापाशी गेल्या. साडीचा घोळ सावरत सरळ फरशीवर बसल्या, म्हणजे त्यांचा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या जरा खालीच आला. तिच्या हातांना त्यांनी हात लावला नाही.

"इकडे बघ, बाळ," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण वर्गातल्या प्रत्येकाला, मागच्या बारा जणांना आणि दारातल्या दोघींना तो नीट ऐकू गेला. "त्या दिवशी सतरा तू म्हणालीस. नेहमीसारखी. तो तुझ्या आधी बसमध्ये चढलाय असं तुला वाटलं. तू आत बघितलं नाहीस, कारण बघणं हे तुझं काम नव्हतंच. ते माझं होतं. त्याच्या वतीनं तू बोलायचीस ते मी चालू दिलं होतं, कारण त्याच्यासाठी थांबायला मला वेळ नव्हता. मोजणी चुकली, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. मोजणी चुकली नव्हती. बसच्या पायरीवर मी एक आवाज दोनदा ऐकला. मला कळलं की तो तुझा आहे. त्याचं डोकं मला दिसलं नाही, तेही मला कळलं. आणि उशीर होतोय म्हणून मी ड्रायव्हरला म्हटलं, चला."

वकिलाचे हात तोंडावरून खाली आले.

"तू नाही, बाळ," बाई म्हणाल्या. "त्याला मी मागे सोडलं."